मथळ्यातली इंग्रजी घरी आणताना

उंटावरून

आधी माझी फजिती सांगतो, मग मुद्दा.

नोकरीत नवा होतो. क्लायंटबरोबर कॉल झाला. त्यांनी आमच्या प्रस्तावावर दोन बारीक शंका काढल्या, एक तारखेबद्दल आणि एक कुठल्याशा तक्त्याबद्दल. कॉलचा गोषवारा साहेबांना पाठवायचं काम माझ्याकडे. त्या काळात मी रोज सकाळी तासभर इंग्रजी बातम्या वाचून शब्दांची वही भरत होतो आणि वहीत ताजा शब्द होता 'स्लॅम', म्हणजे सडकून टीका करणे. दिला ठोकून: 'क्लायंट स्लॅम्ड अवर प्रपोजल'. दहा मिनिटांत साहेबांचा फोन, पाठोपाठ त्यांच्या साहेबांचा. "नेमकं काय म्हणाले ते?" मी म्हटलं, "तारीख चार दिवस पुढे घेता येईल का, असं विचारत होते." त्यानंतर फोनवर जी शांतता पसरली ती अजून कानात आहे.

त्या रात्री वही पुन्हा उघडली. सहाशेच्या वर शब्द होते. प्रोब, मल, आउस्ट, नॅब, कर्ब, राऊ. ('राऊ' म्हणजे भांडण. स्पेलिंग रांगेच्या 'रो'चंच, त्यामुळे मी दोन वर्षं ते 'रो' असंच वाचत होतो.) आणि लक्षात आलं की यातला एकही शब्द मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. हे सगळे फक्त मथळ्यात राहणारे प्राणी.

बातम्या सोडाव्यात असं तेव्हा वाटलं होतं. सोडल्या नाहीत त्याचं कारण एक जहाज. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं ४०० मीटर लांबीचं मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २३ तारखेला अडकलं ते २९ ला सुटलं. मलाही इतरांसारखा नाद लागला. रोज तीच बातमी, फक्त थोडी पुढे सरकलेली. पहिल्या दिवशी शब्दकोश अकरा वेळा उघडला: रन अग्राउंड, वेज्ड, टगबोट, ड्रेजर, बॉटलनेक, डायव्हर्ट, वगैरे. चौथ्या दिवशी दोनदाच, कारण तेच शब्द रोज भेटत होते. जहाज सुटल्यावर नवीन दोन आले. थांबलेल्या चारशेहून जास्त जहाजांचा 'बॅकलॉग' आणि त्याचा पुढे होणारा 'नॉक-ऑन इफेक्ट'.

पुढच्याच रविवारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग बघून मी आपसूक पुटपुटलो, 'आय हॅव अ बॅकलॉग ऑफ आयर्निंग'. वहीतल्या सहाशे शब्दांपैकी एकही असा आपणहून तोंडात आला नव्हता.

तेव्हापासून माझे दोन नियम. एक, रोज दहा बातम्या वाचायच्या नाहीत, एकच बातमी आठवडाभर धरायची. दोन, इस्त्रीची कसोटी: जो शब्द इस्त्रीच्या ढिगाबद्दल, बंद पडलेल्या गीझरबद्दल किंवा न आलेल्या पाहुण्याबद्दल वापरता येतो तो घरी आणायचा. बाकीचे वाचून समजले की पुरे, ते तोंडात यायची गरज नाही.

तुम्हाला बातम्यांतून मिळालेले आणि या कसोटीला उतरलेले शब्द सांगा. फजित्या असतील तर आधी त्या.

कोरा_कागद

हाहा, 'स्लॅम्ड' जबरी.

पण एक प्रामाणिक शंका. बोलायचं इंग्रजी शिकायला मालिका, मुलाखती, पॉडकास्ट असं सगळं असताना बातम्या कशाला? वर्तमानपत्रासारखं कोणीच बोलत नाही. तुमची फजिती हाच त्याचा पुरावा.

जुना_उपसंपादक

मराठी दैनिकात बरीच वर्षं मथळे पाडले आहेत, म्हणून थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

कोरा_कागद, वर्तमानपत्रासारखं कोणी बोलत नाही हे मराठीलाही तितकंच लागू आहे. न्यायालय ताशेरे ओढतं, विरोधक धारेवर धरतात, प्रश्न चिघळतो, नाव गुलदस्त्यात राहतं. घरी आई रागावली तर "आईने माझ्यावर ताशेरे ओढले" असं कोणी म्हणेल का? म्हटलंच तर गंमत म्हणून. मराठीत हा फरक आपल्याला न शिकवता कळतो. परक्या भाषेत कळत नाही, कारण तिथे सगळेच शब्द सारखेच नवे आणि सारखेच चकचकीत दिसतात.

इंग्रजी मथळ्यात हे बुटके शब्द का आले, तर जागा. छापील पानाचा रकाना अरुंद, अक्षरं मोठी. 'इन्व्हेस्टिगेशन' बसत नाही म्हणून 'प्रोब'. 'कन्सिडर' लांब पडतो म्हणून 'मल'. 'क्रिटिसाइज' ऐवजी 'स्लॅम', जो लहान आहे आणि वर आवाजही करतो. आता स्क्रीनवर रकाना नाही, सवय मात्र राहिली. थोडक्यात, हे शब्द जागा वाचवायला आले आहेत. ईमेलमध्ये जागेची टंचाई नसते.

मथळ्याचं व्याकरणही वेगळं. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात. पुढे घडणार असेल तर नुसतं 'टू' लावतात. 'आणि'चं काम स्वल्पविराम करतो. 'वॉज' आणि 'वेअर' गाळतात, म्हणून 'थ्री हेल्ड आफ्टर रॉबरी' याचा अर्थ तिघांनी काही धरलं असा नसून तिघांना धरलं असा होतो. या गाळण्यातून अधूनमधून भलताच अर्थ निघतो. अशा मथळ्यांना इंग्रजीत 'क्रॅश ब्लॉसम' म्हणतात. हे नावही एका मथळ्यातूनच आलं, २००९ मध्ये. विमान अपघातात वडील गमावलेल्या एका व्हायोलिनवादक मुलीची कारकीर्द बहरते आहे, एवढं सांगायचं होतं. शब्द असे लागले की वाचणाऱ्याला वाटावं, 'क्रॅश ब्लॉसम' नावाची कुठली तरी फुलं आहेत आणि ही बाई त्यांच्याशी संबंधित आहे.

म्हणून मथळ्यातून काळ शिकू नका, मथळ्याच्या खालच्या दोन वाक्यांतून शिका. ब्रिटिश वळणाच्या बातमीत हे फार छान दिसतं. मथळा: 'ब्रिज कोलॅप्सेस'. पहिलं वाक्य: 'अ ब्रिज हॅज कोलॅप्स्ड'. दुसरं वाक्य, वेळ सांगताना: 'इट कोलॅप्स्ड अॅट थ्री इन द मॉर्निंग'. आपणही असंच लिहितो. पूल कोसळला आहे. तो पहाटे तीनच्या सुमारास कोसळला. 'हॅज' कधी लावायचा याचे नियम पाठ करून दमलेल्या माणसाने रोज पाच बातम्यांची फक्त पहिली दोन वाक्यं वाचावीत. ताजी खबर सांगताना 'हॅज', वेळ सांगितली की 'हॅज' गेला. महिनाभरात कानाला कळायला लागतं.

उंटावरून

उपसंपादक काका, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन साहेबांचे फोन वाचले असते.

कोरा_कागद, मालिका जरूर बघा. पण मालिकेत पुढे काय होणार हे माहीत नसतं, वर सगळे भरभर बोलतात. बातमी बहुतेकदा आपण आधीच मराठीत वाचलेली असते. काय घडलं ते ठाऊक असल्यामुळे डोकं फक्त भाषेकडे लागतं. सुएझच्या जहाजाची बातमी मी दर वेळी आधी मराठीत वाचायचो.

सान्वी_म

माझी फजिती 'टेबल'ची. ब्रिटिश संसदेच्या बातम्यांमुळे मला पक्कं माहीत होतं की 'टेबल अ मोशन' म्हणजे प्रस्ताव चर्चेला मांडणे. अमेरिकन टीमसोबतच्या मीटिंगमध्ये त्यांची मॅनेजर म्हणाली, 'लेट्स टेबल दिस'. मी लगेच स्क्रीन शेअर करून सगळे आकडे मांडायला बसले. ती बिचारी सभ्यपणे चार मिनिटं ऐकत राहिली. अमेरिकेत 'टेबल' म्हणजे विषय बाजूला ठेवणे, नेमकं उलटं!

नंतर कळलं की यात मी एकटी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ कडाडून भांडले होते आणि शेवटी कळलं की दोघांनाही एकच हवं होतं. चर्चिल यांनी हा किस्सा आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

असे आणखी दोन सांगते. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेखही आणि नजरचूकही. समितीचं 'ओव्हरसाइट' म्हटलं तर ती काम करते आहे, समितीकडून 'ओव्हरसाइट' झालं म्हटलं तर तिने माती खाल्ली आहे. एकटा शब्द वहीत लिहून ठेवला तर हे कधीच कळणार नाही, म्हणून मी आता अख्खं वाक्य लिहिते आणि शेजारी ते कुठल्या देशाच्या बातमीत होतं तेही.

शब्दांचा_भंगारवाला

आमचा आवडता धागा निघाला एकदाचा.

इस्त्रीची कसोटी भारीच, आणि 'बॅकलॉग' तिला उतरणारच. तो शब्द मुळात घरातलाच आहे. लॉग म्हणजे ओंडका. शेकोटीत सगळ्यात मागे मोठा ओंडका ठेवायचे तो 'बॅक-लॉग'. त्यावरून राखून ठेवलेला साठा आणि पुढे साठत गेलेलं काम. 'बॉटलनेक' तर बाटलीचा गळाच. 'डेडलाइन'ची गोष्ट मात्र अंगावर येते. अमेरिकन यादवीत युद्धकैद्यांच्या छावणीत एक रेषा आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. आज आपण त्याच शब्दात 'शुक्रवारपर्यंत पाठवा' म्हणतो.

'क्वारंटाइन'मध्ये इटालियन चाळीस लपले आहेत, जहाजांना बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवायचे म्हणून. घोटाळ्याच्या नावामागे 'गेट' लागतं ते १९७२ च्या वॉटरगेट प्रकरणामुळे. ते एका इमारतसमूहाचं नाव, फाटकाशी काही संबंध नाही. आणि माझा लाडका 'गेरीमँडर': १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या पक्षाने स्वतःच्या सोयीने मतदारसंघ आखले. त्यातला एक नकाशावर सॅलॅमँडरसारखा वळवळत गेलेला दिसला, म्हणून गेरी अधिक मँडर.

उंटावरून

भंगारवाले, 'गेरीमँडर' इस्त्रीच्या ढिगाबद्दल वापरून दाखवा, मग बघू.

शब्दांचा_भंगारवाला

कपाटातले कप्पे ज्या आकारात वाटले गेले आहेत आणि माझ्या वाट्याला जो लांबुळका कोपरा आला आहे, तो गेरीमँडरिंगचाच प्रकार आहे. निर्णय अपिलाच्या पलीकडे.

मधली_सुट्टी

प्रौढांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे थोडी मास्तरकी होईल.

उंटावरून, एकच बातमी धरायची हे शंभर टक्के मान्य. पण तुमची पद्धत अर्धीच आहे. नुसतं वाचून शब्द ओळखीचे होतात, आपले होत नाहीत. माझ्या वर्गात असं करतो: सहा-सात ओळींची बातमी वाचायची, फोन उलटा ठेवायचा आणि तीच बातमी आठवून लिहायची. मग मूळ मजकुराशी ओळीने ओळ ताडून बघायची. अर्थ बहुतेकांचा बरोबर येतो. गळतात ती बारकी माणसं. 'बॅन' लिहिलं, त्यानंतरचा 'ऑन' गळला. 'डॅमेज'नंतर 'टू' हवा होता, तिथे 'ऑफ' आला. 'राइज इन प्रायसेस' होतं, लिहिलं 'राइज ऑफ प्रायसेस'. आणि मूळ बातमीत 'राइज ऑफ फाइव्ह पर्सेंट' असंही होतं! कशात वाढ झाली ते सांगताना 'इन', किती झाली ते सांगताना 'ऑफ'. हा नियम मी कोणाला आधी सांगत नाही. स्वतःची चूक मूळ ओळीशेजारी ठेवून बघितली की त्यांना तो आपोआप दिसतो, आणि मग विसरत नाहीत.

दुसरं, 'अकॉर्डिंग टू'. बातमीत हा दर दोन ओळींनी भेटतो: पोलिसांच्या म्हणण्यानुसार, अहवालानुसार. आणि आपली मंडळी सर्रास म्हणतात 'अकॉर्डिंग टू मी'. 'माझ्या मते'चं सरळ भाषांतर. बातमीत कधी बघितलंत का 'अकॉर्डिंग टू मी'? 'अकॉर्डिंग टू' दुसऱ्याचं म्हणणं सांगायला असतं. स्वतःचं मत असेल तर साधं 'आय थिंक'.

तिसरं, वर-खाली जाणारी क्रियापदं. बाजाराच्या बातम्या कंटाळवाण्या वाटल्या तरी यासाठी वाचाव्यात. उतरणं जरासं असेल तर 'डिप' किंवा 'स्लिप', बरंच असेल तर 'टंबल', कडेलोट असेल तर 'प्लंज'. चढताना तिळतिळ 'एज अप', झेप घेतली तर 'सोअर'. आपल्याकडे घसरणे, गडगडणे, कोसळणे आहेत तशीच ही उतरंड आहे. त्याच बातम्यांत टक्क्याचा घोळ असतो तोही समजून घ्या. व्याजदर ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला तर तो एक 'पर्सेंटेज पॉइंट' वाढला, एक 'पर्सेंट' नाही. टक्केवारीत ती वाढ २५ टक्के आहे. 'बेसिस पॉइंट' म्हणजे त्या एका पॉइंटचा शंभरावा भाग, म्हणून २५ बेसिस पॉइंट म्हणजे पाव पर्सेंटेज पॉइंट. कर्ज घेताना हे कुठल्याही म्हणीपेक्षा जास्त कामाला येतं.

कोरा_कागद

हे लिहून बघण्याचं पटलं. आजच करून बघतो.

पण अजून एक अडचण आहे, भाषेची नाही, मनाची. सकाळी सकाळी 'डेथ टोल' आणि 'कॅज्युअल्टीज' पाठ करणं नको वाटतं. माझ्या वहीची पहिली दोन पानं वाचली तर कोणी समुपदेशकाकडे पाठवेल.

जुना_उपसंपादक

मग पहिलं पान सोडा. हवामान, विज्ञान आणि खेळ या तीन ठिकाणी जा.

हवामानाच्या बातमीतलं 'ब्रेस फॉर' बघा, म्हणजे येणाऱ्या तडाख्यासाठी कंबर कसणे. वादळासाठी शहर 'ब्रेस' करतं, तसं परीक्षेच्या निकालासाठी आपणही करतो. 'बेअर द ब्रंट', म्हणजे मुख्य तडाखा सोसणे, घरातल्या थोरल्या मुलाला अगदी चपखल. खेळातून तर अर्धं ऑफिस चालतं. मध्येच नियम बदलले तर 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स', स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला तर 'ओन गोल', ढोबळ आकडा हवा असेल तर बेसबॉलच्या मैदानावरचा 'बॉलपार्क फिगर'. क्रिकेटच्या 'स्टम्प्ड'चं काय करायचं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

मोठ्या बातमीत शब्दांपेक्षा शब्दांमागची सावधगिरी वाचायला शिका, ती बोलतानाही उपयोगी पडते. आरोप सिद्ध झाला नाही तोवर 'अलेज्ड'. 'अॅक्यूज्ड', 'चार्ज्ड' आणि 'कन्व्हिक्टेड' या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, एकीवरून दुसरीवर बातमीदाराने उडी मारली तर वकिलाची नोटीस येते. मथळ्यात एखादा शब्द एकेरी अवतरणात दिसला तर तो जोर द्यायला नसतो. 'हे आमचं म्हणणं नाही, कोणीतरी म्हणालं आहे' असं सांगून हात झटकायला असतो. आणि सगळ्यात चतुर शब्द 'अमिड'. 'मिनिस्टर रिझाइन्स अमिड राऊ'. वादामुळे राजीनामा दिला असं लिहिलेलं नाही, वाद चालू असताना दिला इतकंच. कारण सुचवायचं पण त्याची जबाबदारी घ्यायची नाही. आमच्या डेस्कवर त्यासाठी 'पार्श्वभूमीवर' हा शब्द होता. किती वेळा वापरला असेल, मोजदाद नाही.

धडपड्या

वाचनाचं झालं, ऐकण्याचं काय? मला छापलेली बातमी कळते, तीच कोणी वाचून दाखवली की अर्धी निसटते.

मधली_सुट्टी

धडपड्या, तुमच्यासारख्यांसाठीच 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' नावाचं बातमीपत्र सुरू केलं होतं. सुमारे १५०० शब्दांची ठरलेली यादी, छोटी वाक्यं आणि नेहमीच्या दोन-तृतीयांश वेगाने वाचन. 'बीबीसी'चं इंग्रजी शिकवणं तर १९४३ पासूनचं. अशा सावकाश बातम्यांपासून सुरुवात करा. आधी न वाचता ऐका, मग मजकूर समोर ठेवून ऐका, मग निवेदकाच्या अर्धा शब्द मागे राहून त्याच्याबरोबर मोठ्याने बोला. घरचे हसतील, हसू द्यात.

शब्द निसटतो त्याचं कारण बहुधा आघात. 'प्रोटेस्ट' नाम असेल तर जोर 'प्रो'वर, क्रियापद असेल तर 'टेस्ट'वर. 'रेकॉर्ड'चंही तेच: विक्रम झाला तर 'रे'वर जोर, नोंद केली तर 'कॉर्ड'वर, आणि मग पहिलं अक्षरही 'रि'सारखं ऐकू येतं. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच जोराने उच्चारतो, म्हणून कान या फरकाकडे लक्षच देत नाही. एकदा आठवडाभर फक्त एवढंच ऐका, अर्थाकडे बघूच नका.

सान्वी_म

ऐकण्यात मला जोडक्रियापदांनी छळलं. 'कॉल ऑफ', 'पुट ऑफ', 'स्टेप डाउन', 'रूल आउट', 'फॉल थ्रू', 'आयर्न आउट'. सुटे शब्द सगळे पहिलीतले, एकत्र आले की परके. पण इस्त्रीच्या कसोटीत हेच सगळ्यात पुढे आहेत. शेवटच्यात तर इस्त्रीच आहे! करारातले मतभेद 'आयर्न आउट' करतात म्हणजे सुरकुत्या काढतात.

'रूल आउट'वर, म्हणजे शक्यता नाकारण्यावर, माझा विशेष जीव. पोलीस घातपाताची शक्यता 'रूल आउट' करत नाहीत, डॉक्टर हाड मोडल्याची शक्यता 'रूल आउट' करतात, आणि मैत्रीण 'तू येशील का' विचारते तेव्हा मी म्हणते, 'आय वोन्ट रूल इट आउट'. हो पण नाही आणि नाही पण नाही.

अबोली२२

बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच लिहिते आहे. कालपासून एकाच बातमीला धरलं आणि पाच वाक्यं करून बघितली. चुका सांगाल का? हसलात तरी चालेल.

एक, 'माय सिस्टर कॉल्ड ऑफ हर व्हिजिट'.
दोन, 'आय अॅम ब्रेसिंग फॉर गेस्ट्स'.
तीन, 'वी कुड नॉट गो आउट अमिड रेन'.
चार, 'द डॉक्टर रूल्ड आउट फ्रॅक्चर'.
पाच, 'आय हॅव अ बॅकलॉग ऑफ फोन कॉल्स टू माय मदर-इन-लॉ'.

मधली_सुट्टी

अबोली, हसण्यासारखं काही नाही, पाचपैकी तीन जशीच्या तशी चालतील.

तिसऱ्यात 'अमिड' काढा. उपसंपादक म्हणतात तो चतुरपणा इथे नको आहे, पाऊस हेच कारण आहे. 'बिकॉज ऑफ द रेन'. चौथ्यात 'अ फ्रॅक्चर' हवं. मथळ्यात तो 'अ' गाळतात, तुमच्या वाक्यात तोच राहून गेला. दुसरं बरोबर आहे, फक्त पाहुण्यांसमोर म्हणू नका. 'ब्रेस' संकटासाठी असतं.

अबोली२२

पाहुण्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे दुसरं तसंच ठेवते.

पाचव्याचा बॅकलॉग आज संध्याकाळी क्लिअर केला. पन्नास मिनिटं. मला स्लॅम केलं नाही, पण दोनदा ताशेरे ओढले.